मुलांच्या वह्या: कोणत्या शिवाव्यात, कोणती पाने सुटी ठेवावीत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी ७ वर्षांची आणि मुलगा ११ वर्षांचा असून जूनपासून दोघांचे शिक्षण घरीच सुरू आहे. तीन महिन्यांत प्रत्येक विषयाची एक याप्रमाणे १४ वह्या झाल्या आणि त्यांतली एकही निम्म्यापर्यंत भरलेली नाही. आता सगळ्याला स्पायरल करावे, रिंग फाइल आणावी, की वर्षाअखेरीस बाइंडिंगवाल्याकडे द्यावे, आणि पाने विषयाप्रमाणे लावावीत की तारखेप्रमाणे, हे आपल्याला ठरवायचे आहे. मी नागपुरातच १२ वर्षे माझ्या दोन मुलांना घरी शिकवले आणि महाल भागातल्या एका वयस्कर बांधणी कारागिरांकडे बसून वही शिवायलाही शिकले. त्या अनुभवावरून सांगते की बांधणीचा प्रकार सर्वांत शेवटी ठरवावा. त्याआधी प्रत्येक वहीबाबत एकच गोष्ट विचारावी: लिहून झाल्यावर या पानाची जागा पुढे कधी बदलणार आहे का? बदलणार नसेल तर वही पहिल्या दिवसापासून शिवलेली असावी, आणि बदलणार असेल तर पान वर्ष संपेपर्यंत सुटेच राहावे.

आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनी ही अडचण फार पूर्वी सोडवली आहे. दुकानात रोजचा व्यवहार घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहिला जातो आणि नंतर तोच व्यवहार खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जातो. रोजकीर्दीतले पान हलत नाही, कारण तिचा क्रम म्हणजेच तिचा पुरावा असतो, तर खतावणीत तारखेपेक्षा खाते महत्त्वाचे असते. मुलांच्या कामाचीही अशीच दोन अंगे आहेत. रोजचे शुद्धलेखन, गणिताचा सराव, वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगणे आणि चार ओळींची दैनंदिनी हे सगळे रोजकीर्दीचे काम आहे. नकाशे, विज्ञानाच्या आकृत्या, एखाद्या विषयावरची टिपणे आणि प्रकल्प हे खतावणीचे काम आहे. आपल्या १४ वह्यांचा गोंधळ झाला, कारण आपण प्रत्येक विषयाला एकदम खाते उघडून दिले आणि रोजकीर्द ठेवलीच नाही.

म्हणून प्रत्येक मुलासाठी एक शिवलेली रोजवही ठेवावी आणि तीत सर्व विषयांचे रोजचे काम तारीख घालून एकाखाली एक यावे. गणितासाठी चौकटीची वेगळी वही लागत असेल तर ती दुसरी, पण रोजवह्या दोनपेक्षा अधिक नसाव्यात. आठवड्यात किती काम झाले हे मग एका वहीत दिसते आणि ‘आज मराठीची वही सापडत नाही’ ही सबब राहत नाही.

रोजवही शिवलेलीच का हवी, हे मी माझ्या मुलाकडून शिकले. भागाकार चुकला की तो पान फाडून टाकायचा. दुकानातली साधी वही मधोमध दोन पिना मारून केलेली असते, म्हणजे तिच्यातला प्रत्येक कागद घडीच्या दोन्ही बाजूंना एकेक पान देतो, आणि पुढचे एक पान फाडले की मागच्या अंगाचे त्याचे जोडपान आधार सुटून लोंबू लागते. त्याच्या वहीत दिवाळीपर्यंत अशी ११ पाने लोंबत होती आणि त्यांतली काही नीट लिहिलेली, माझी सही असलेली होती. नंतर मी त्याला दोऱ्याने शिवलेल्या बारीक वह्या करून दिल्या आणि चुकलेल्या गणितावर एकच तिरकी रेघ मारून शेजारी पुन्हा सोडवण्याचा नियम केला. पुढच्या मार्चमध्ये त्या तिरक्या रेघा पाहून मला नेमके कळले की त्याचा भागाकार चुकत नव्हता, हातचा घेतलेला अंक लिहायचा राहत होता. फाडलेल्या पानांनी हे कधीच सांगितले नसते.

आता खतावणीकडे वळू. सुट्या पानांचा उपयोग कुठे होतो, हे संत्र्यांच्या एका उदाहरणावरून पाहा. नागपुरी संत्र्याचे दोन बहार असतात. आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आणि मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाजारात येतात. माझ्या मुलीने पहिले टिपण नोव्हेंबरमध्ये बाजारात जाऊन लिहिले आणि दुसरे मार्चमध्ये. मध्ये तिने कलम कसे बांधतात याची आकृती काढली आणि विदर्भाच्या नकाशात मोर्शी, वरुड, काटोल दाखवले. वर्षभरात चार वेगवेगळ्या वेळी केलेले हे काम एकत्र ठेवले तरच त्याला अर्थ येतो. विषयवार वह्यांमध्ये ते भूगोल, विज्ञान आणि मराठी अशा तीन ठिकाणी विखुरले असते. पाने सुटी होती म्हणून ती ‘संत्रे’ या एका दुभाजकामागे गेली, आणि तो विषय मुलीने पुढच्या वर्षी पुन्हा उघडला तेव्हा पाचवे पानही तिथेच बसले.

सुट्या पानांसाठी दोन छिद्रांची फाइल पुरते. कार्यालयात वापरतात त्या साध्या पंचने पडणाऱ्या दोन छिद्रांमधले अंतर ८ सेंटीमीटर असते आणि बहुतेक रिंग फाइली व लिव्हरच्या बॉक्स फाइली त्याच मापाच्या असतात, त्यामुळे सीताबर्डीच्या बाजारात घेतलेली फाइल आणि घरातला पंच जुळण्याची अडचण येत नाही. एफोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. त्याची उभी बाजू अर्ध्यात किंचित दुमडून खूण करावी आणि ती खूण पंचच्या मधल्या बाणावर धरावी, म्हणजे सगळी पाने एका ओळीत बसतात. वर्षभर लहान मुलांच्या हातात असणाऱ्या फाइलला जाड लिव्हर नको. ती कडक असते आणि सात वर्षांच्या मुलीचे बोट तीत चिमटू शकते. तिच्यासाठी बारीक रिंगची किंवा दोरी ओवलेली फाइल ठेवावी आणि मोठी बॉक्स फाइल वरच्या फळीवर आपल्या ताब्यात असावी. शुक्रवारी अर्धा तास काढून आठवड्याची पाने लहान फाइलमधून मोठ्या फाइलमधल्या आपापल्या खात्यावर लावावीत, आणि हे काम मुलाने स्वतः करावे. कुठले पान कुठे जावे हे ठरवताना त्याच्या डोक्यात विषयांची जी मांडणी होते, ती आपण हजारदा सांगूनही होत नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्या पानापासून सांभाळावी: डाव्या बाजूला दोन बोटे, म्हणजे साधारण ३ सेंटीमीटर, समास सोडावा, आणि मागच्या बाजूला लिहायचे असेल तर तिथे तो उजवीकडे सोडावा. ही जागा पंचसाठी जेवढी लागते त्याहून अधिक वर्षाअखेरच्या शिवणीसाठी लागते, हे पुढे येईलच.

स्पायरलबद्दल आपण विशेष विचारले आहे, म्हणून स्पष्ट सांगते: मुलांच्या वर्षभराच्या कामासाठी मी स्पायरल सुचवत नाही. प्लॅस्टिकच्या स्पायरलमध्ये पान मधे घालता येत नाही, आणि भोके काठाला अगदी जवळ पडत असल्यामुळे दप्तरात कोंबलेल्या वहीची पाने भोकांपाशी फाटू लागतात. म्हणजे शिवणीचा टिकाऊपणा नाही आणि फाइलची मोकळीकही नाही. दुहेरी तारेचे वायरो बाइंडिंग सपाट उघडते आणि दिसायला सुबक असते, पण तार एकदा दबली की पान उलटताना अडकते. कंगव्यासारखे प्लॅस्टिकचे बाइंडिंग यंत्रावर पुन्हा उघडता येते, म्हणून नकाशांच्या संचाला ते चालते. याशिवाय, आपले मूल डावखुरे असेल तर डावीकडे तार असलेल्या वहीच्या उजव्या पानावर त्याचे मनगट सतत तारेवर घासते. माझी मुलगी डावखुरी आहे. तिने न सांगता हात वर उचलून लिहायची सवय लावून घेतली होती आणि अक्षर का बिघडले याचे कारण मी महिनाभर दुसरीकडेच शोधत होते. एके दिवशी तिच्या तळहाताच्या कडेला तारेचे ओळीने उमटलेले वण दिसले, तेव्हा कळले. डावखुऱ्या मुलासाठी वरच्या बाजूने बांधलेली वही किंवा सुटे पानच उत्तम.

विषयवार वाटणाऱ्या, तरीही पहिल्या दिवसापासून शिवलेल्याच हव्यात अशा दोन वह्या आहेत, आणि माझ्या मते घरच्या शिक्षणातल्या सर्वांत मोलाच्या वह्या याच. पहिली निसर्गवही. हिच्यासाठी कोरा आणि जाड, निदान १२० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचा) कागद घ्यावा, कारण ७० जीएसएमच्या झेरॉक्स कागदावर जलरंगाचा पहिला हात फिरताच तो सुरकुतून वर येतो. मुलांना वाटते की पक्ष्यांची, झाडांची आणि किड्यांची पाने वेगवेगळी लावावीत, पण तसे करू देऊ नये. निसर्गाचा क्रम तारखेचाच असतो. फेब्रुवारीत सेमिनरी हिल्सवर फुललेला पळस, एप्रिलच्या उन्हात पिवळा झालेला बहावा आणि जुलैत गोरेवाड्याच्या बाजूला दिसलेले मखमली किडे हे ज्या ओळीने आले त्याच ओळीने राहिले, तर दुसऱ्या वर्षी मूल आपण होऊन मागची पाने उलटते आणि म्हणते की पळस यंदा आठ दिवस उशिरा आला. विषयाप्रमाणे शोधण्याची सोय हवी असेल तर शेवटची चार पाने कोरी ठेवून तिथे सूची करावी: पळस १२, ४७, ८८. पाने न हलवता खतावणी करण्याची ही रीत आहे, आणि ती एकदा जमली की मोठ्या मुलाच्या रोजवहीलाही लागू करता येते.

दुसरी शतकवही. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांच्या पद्धतीत निसर्गवही आणि शतकवही या दोन्हींना महत्त्वाचे स्थान होते. शतकवहीत समोरासमोरची दोन पाने एका शतकाला द्यायची आणि मूल वाचेल तसतशा नोंदी त्या त्या शतकात घालत जायच्या. एकच वही दहावीपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षे चालते. इथे नोंदी क्रमाने येत नाहीत, पण पानांची जागा आधीच ठरलेली असते, म्हणून ही वही शिवलेली हवी. नागपूरचेच उदाहरण घेतले तर अठराव्या शतकाच्या जोडपानावर १७०२ साली गोंड राजा बख्त बुलंद शाह याने नगर वसवले ही नोंद जवळजवळ एकटी बसेल. एकोणिसाव्या शतकात मात्र १८१७ ची सीताबर्डीची लढाई, १८६३ चे अजब बंगला हे संग्रहालय, १८६७ साली आलेली रेल्वे आणि १८७७ ची एम्प्रेस मिल यांची दाटी होईल. माझ्या मुलाने एके संध्याकाळी हे जोडपान समोर धरले आणि लढाईनंतर आगगाडी यायला पन्नास वर्षे लागली, पण आगगाडीनंतर गिरणी यायला दहाच लागली, असे स्वतः मोजून सांगितले. ही वही मात्र उत्तम कागदाची आणि कापडी पाठीची करून घ्यावी, कारण ती शेकडो वेळा उघडली जाते.

पुढचा मुद्दा पृष्ठांकांचा. आपल्या जुन्या पोथ्या सुट्या पानांच्याच असत. वरखाली फळ्या लावून त्या कापडात बांधत. ती पाने शिवलेली नसतानाही शतकानुशतके क्रमाने राहिली, कारण प्रत्येक पानावर अंक होता. आपल्या फाइलमधल्या प्रत्येक पानावर वरच्या उजव्या कोपऱ्यात नाव, तारीख आणि खाते हवेच, आणि वर्षाअखेरीस खालच्या बाजूला पेन्सिलीने क्रमांक घालावा. एकदा वाऱ्याने फाइल उधळली की या तिन्ही गोष्टींची किंमत कळते.

हे कोपऱ्यातले लिखाण काठापासून निदान २ सेंटीमीटर आत असावे, कारण याच बाबतीत माझे पहिले वर्ष वाया गेले. मुलीची ३४० पाने मी हौसेने एका बाइंडिंगच्या दुकानात दिली. त्यांनी ती नेहमीच्या रिवाजाप्रमाणे गरम गोंदाने चिकटवली आणि तिन्ही बाजूंनी यंत्रावर कापून कडा सरळ केल्या. पुस्तक देखणे झाले, पण प्रत्येक पानावरची तारीख आणि कडेपर्यंत काढलेली कितीतरी चित्रे त्या कापलेल्या पट्ट्यांबरोबर गेली. वाईट याचे वाटले की मुलीने पुस्तक उघडून पहिल्यांदा पाहिले ते तिच्या मोराचे कापलेले पाऊल. दुकानदाराचा त्यात दोष म्हणावा तर मी काही सांगितलेच नव्हते. मे महिन्यात तो गोंद कडक होऊन तडकला आणि मधली पाने मोकळी झाली. ज्या शहरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे नुसत्या गोंदावर विसंबलेली जाड बांधणी मी तेव्हापासून टाळते.

म्हणून वर्षाअखेरीस पाने देताना तीन गोष्टी तोंडी न सांगता चिठ्ठीवर लिहून द्याव्यात: बाजूची शिवण दोऱ्याने हवी, पाठीला कापड हवे, आणि कटिंग अजिबात करू नये. बाजूच्या शिवणीत डाव्या काठापासून साधारण दीड सेंटीमीटर आत भोके पडतात आणि पुस्तक पूर्ण सपाट उघडत नाही. सुरुवातीपासून सोडलेला ३ सेंटीमीटरचा समास इथे उपयोगी पडतो. एका खंडाची जाडी ३ सेंटीमीटरच्या वर जाऊ देऊ नये. पाने जास्त असतील तर दोन खंड करावेत. सगळेच बांधायचे नसते, हेही लक्षात असू द्यावे. प्रत्येक खात्यातून मुलाने स्वतः निवडलेली पाने बांधावीत आणि उरलेली वर्षभर बॉक्स फाइलमध्ये ठेवून मग निरोप द्यावा. पुढे मुलाला शाळेत घालायचे ठरले, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार ६ ते १४ वयोगटातील मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि त्या वेळी मुख्याध्यापकांसमोर ठेवायला असा एक निवडक खंड फार उपयोगी पडतो. मात्र बाहेर सादर करायचे काम कधीही बांधू नये. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी दिली तर लेखी गुणांपैकी २० टक्के भार टीएमए या गृहकार्याचा असतो. ते सुट्या पानांवर लिहावे आणि त्याची झेरॉक्स आपल्या फाइलमध्ये ठेवावी.

चिकटवण्याच्या बाबतीत दोनच सूचना करते. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडून कागदावर डाग सोडते, म्हणून तिच्याऐवजी मैद्याची ताजी खळ वापरावी. कारागीर खळीला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालतात, पण ते विषारी असल्याने मुलांच्या हातातल्या खळीत घालू नये. संग्रहालयांची आणि बसची यंत्रातून निघणारी गुळगुळीत तिकिटे उष्णतेने पुसट होतात, त्यामुळे वहीत मूळ तिकिटाऐवजी झेरॉक्स लावावी.

साठवणीत आपल्याकडे उन्हापेक्षा कूलर अधिक त्रास देतो. मार्चअखेरीपासून खोलीत दमट वारा फिरतो, कागद लाटांसारखा होतो आणि खळीवर बुरशी धरते. वह्यांचे कपाट कूलरच्या झोतात नसावे, फळी भिंतीपासून चार बोटे पुढे असावी आणि सर्वांत खालचा कप्पा रिकामा ठेवावा, कारण पावसाळ्यात वाळवी जमिनीकडून आणि भिंतीतून येते. कसर लागू नये म्हणून पोथ्यांबरोबर वेखंड बांधायची पद्धत होती. मीही प्रत्येक कप्प्यात वेखंडाची पुरचुंडी ठेवते आणि दसऱ्याच्या सुमारास सगळे खंड बाहेर काढून सावलीत वारा देते.

आता आपल्या १४ वह्यांचे काय करायचे ते सांगते. मधल्या पिना सुरीच्या बोथट पाठीने उघडून अलगद काढाव्यात. कागद जोडीजोडीने सुटे होतील. लिहिलेली पाने घडीवर कापून, पंच करून खात्याप्रमाणे फाइलमध्ये लावावीत. साध्या वहीचे पान एफोरपेक्षा लहान असले तरी छिद्रे त्याच अंतरावर पडतात. दोन्ही अंगांनी कोरे असलेले जोडकागद मात्र कापू नयेत. असे आठ कागद एकात एक घालून, घडीवर दाभणाने तीन भोके पाडून, मेण लावलेल्या सुती दोऱ्याने शिवावेत. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढावी, वरच्या भोकातून आत घ्यावी, आतल्या बाजूने थेट खालच्या भोकातून बाहेर काढावी आणि पुन्हा मधल्या भोकातून आत आणावी. दोऱ्याची दोन टोके मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून त्यावर गाठ मारावी. १६ पानांची, म्हणजे ३२ पृष्ठांची वही तयार होते, आणि सात वर्षांच्या मुलीसाठी रोजवही म्हणून हीच सर्वांत चांगली, कारण ती महिन्या-दीड महिन्यात भरते आणि वही पूर्ण केल्याचा आनंद तिला वर्षातून आठ-नऊ वेळा मिळतो. भरलेल्या वह्यांच्या मुखपृष्ठावर क्रमांक घालावा. मार्चमध्ये त्या एकावर एक ठेवून पाठीच्या बाजूने एकत्र शिवल्या की तिच्या पहिल्या वर्षाचा खंड घरीच तयार होईल.